पेंढारच्या आजीचे बूट

सई आणि अनय, पेंढारची आजी गेल्यानंतर बाराव्या दिवशी तुमचा फोन आला होता. सई म्हणाली, "आजी, बाबांनी मिशी का काढली? डोक्याचं पण टक्कल केलंय. ऑफिसमध्ये सांगतात, सहज बदल म्हणून." मी म्हटलं, त्यांनाच विचार. सई म्हणाली, "विचारलं. ते बाथरूममध्ये गेले आणि नळ सोडून बसले." मग अनयने फोन घेतला आणि म्हणाला, "पेंढारची आजी बाबांची फक्त काकी होती ना?" मी काहीतरी बोलून फोन ठेवला. त्याला आता महिना होऊन गेला, पण अनयचा तो 'फक्त' माझ्या कानातून जात नाही. चूक अनयची नाही. त्याला जे सांगितलं गेलं तेच तो बोलला. म्हणून आता लिहिते आहे. तुमच्या शाळेच्या भाषेत, इंग्रजीत, मी हे सहज लिहू शकले असते, जन्मभर तीच भाषा मंचरच्या शाळेत शिकवली. पण त्या भाषेत तिच्यासाठी जो 'आंटी' शब्द आहे, तोच या सगळ्याच्या मुळाशी आहे. तेव्हा हे मराठीतच राहू दे. तुमची आई वाचून दाखवेल. न कळलेलं बाबांना विचारा, आणि या वेळी त्यांनी नळ सोडला तर दाराबाहेर थांबा. वर्तमानपत्राला देते आहे ते एवढ्यासाठी, की ज्यांची मुलं तिकडे आहेत अशी घरं आता आमच्याकडे आळीआळीत झाली आहेत, आणि त्यांतल्या एखाद्या घरात तरी हे वेळेवर वाचलं जावं.

त्या दिवशी तुमचा माधवकाका दिवस वर आल्यावर घरी आला. मंचरच्या बाजारात कांद्याचा लिलाव चालू असताना तो कधी आडत सोडून घरी येत नाही. दारातच चपला न काढता उभा राहिला तेव्हाच मला कळलं. "आई, पेंढारची चुलती गेली," म्हणाला. शेजारच्यांनी फोन केला होता. सकाळी बांधावरून फिरून आली, पायरीवर बसली, एका बुटाची नाडी सोडली... दुसऱ्याची सोडायची राहिली. आम्ही पोचलो तेव्हा बायकांनी तिला घरात घेतलं होतं, पण पायातले बूट तसेच होते. कुणाला ते काढायचं धाडस झालं नव्हतं. मी काढले. भावकीतले म्हातारे अंगणात बसले होते. त्यांतल्या एकाने माधवला तुमच्या बाबांचं विचारलं, "श्रीधर येतोय का? थांबायचं का?" माधवने तिकडे फोन लावला, बोलणं झालं आणि तो आत आला. म्हणाला, "नका थांबू म्हणतोय." मग अग्नी माधवनेच दिला. रीत मोडली नाही, पुतण्याने दिलेला चालतो. फक्त देणारा चुकीचा पुतण्या होता.

आता पहिल्यापासून सांगते. मी बी.ए. होऊन पेंढारच्या घरात लग्न करून आले, त्यानंतर दोन वर्षांनी माझ्या दिराचं लग्न झालं आणि अनसूया आली. चार बुकं शिकलेली, हाडापेराने मजबूत, बोलायला लागली की समोरच्याला हसू आवरायचं नाही. मला ती 'बाई' म्हणायची, शाळेतल्या मुलींसारखं. तिला दोन मुलं झाली आणि दोन्ही बाळंतपणातच गेली. दुसऱ्या वेळी डॉक्टरने सांगितलं, आता पुन्हा नाही. तेव्हा मला माधव होता आणि श्रीधर नुकताच बसायला लागला होता. एके दिवशी माझ्या सासूबाई माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "तुला एक हायच. अजून व्हतील. तिचं काय?" शिकलेल्या सुनेला असं काही विचारतील तरी, असं मला वाटायचं. विचारलं नाही, सांगितलं. आणि खरं बोलायचं तर, अनसूया त्या दिवसांत ओसरीच्या खांबाला टेकून ज्या नजरेने श्रीधरकडे बघायची, ती बघून मला नाही म्हणता आलंही नसतं.

आमच्याकडे याला ओटीत घालणं म्हणतात. चांगला दिवस बघून अंगणात चौरंग मांडला, भावकी जमली, अनसूयाने पदर पसरला. मी नारळ, तांदूळ, खण आणि श्रीधर, असं सगळं त्या पदरात ठेवलं आणि मागे सरले. त्या क्षणापासून ती त्याची आई आणि मी त्याची काकी. पुढे मला खरंच कधी 'अजून' झालं नाही, पण ते असो. त्या दिवशी गावच्या शाळेचे गुरुजी पंगतीला होते. ते माझ्या सासऱ्यांना म्हणाले, "तात्या, दत्तकाचा कागद करून घ्या. सरकारात नोंद असलेली बरी." तात्या हसले. "गुरुजी, घरच्या घरात कसला कागद? कागद परक्यासाठी असतो. एक कागद केला की त्याच्यामागनं वाटणीचा कागद येतो." सगळे हसले, मीही हसले असेन. पुढे शाळेत घालताना त्याच गुरुजींनी जन्माची नोंद पाहिली आणि नोंदीत होतं तेच लिहिलं. वडील, तुमचे मंचरचे आजोबा. आई, मी. गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगू शकत होतं की श्रीधर कुणाचा. त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर काय लिहिलंय याची कुणाला फिकीरच नव्हती.

श्रीधर तिला बय म्हणायचा, म्हणजे आई. तापात तिच्या पाठीला डोकं लावून झोपायचा, कारण तिची पाठ गार असते, असं त्याचं म्हणणं. माझ्या नोकरीमुळे आम्ही मंचरला बिऱ्हाड केलं होतं; माध्यमिक शाळेसाठी तो तिथे माझ्याकडे राहायला आला. त्याला आईकडे आणलंय असं मला तेव्हा क्षणभर वाटलं होतं, पण शनिवारी शाळा सुटली की तो दप्तर टाकून एसटी धरायचा. नारायणगावला उतरून दुसरी, आळेफाट्याला तिसरी. सोमवारी सकाळी डब्यात मासवडी घेऊन परत. मासवडी कशी असते ते तुम्हाला दाखवायला हवी. बेसन शिजवून ओल्या फडक्यावर थापायचं, वर तीळ-खोबऱ्याचं सारण पसरायचं आणि फडक्यानेच गुंडाळत न्यायची. मी केली की फुटायची. तो एकदा ताटात बघून म्हणाला, "काकी, राहू दे, मी बयकडं खाईन." मोठ्या अदबीने म्हणाला. मी त्याचं इंग्रजी पक्कं केलं, अगदी पट्टी घेऊन केलं. पुढे त्याच इंग्रजीला गुण मिळाले.

तुमच्या देशात कायमचं राहायला मिळतं ते गुणांवर मिळतं, निदान तुमच्या बाबांच्या वेळी तसं होतं. वयाचे गुण, शिक्षणाचे गुण, कामाच्या अनुभवाचे गुण, भाषेचे गुण. बेरीज पुरेशी झाली, तब्येत ठीक निघाली, पोलिसांत काही नाही असा दाखला मिळाला, की बोलावणं येतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट आहे. श्रीधर इंजिनिअर होऊन पुण्यात नोकरी करत होता. तो अर्ज भरायला म्हणून सुट्टी काढून पेंढारला आला, मी इंग्रजी तपासायला गेले होते. ओसरीवर तो लिहीत बसला होता आणि अनसूया शेजारी शेंगा फोडत होती. "काय लिवतोय रं एवढं?" तिने विचारलं.

"घरच्यांची नावं, बय."

"माझं लिव्हलं का?"

तो थांबला. म्हणाला, "न्हाई बय. शाळेपासनं काकीचंच नाव हाय. दाखला तसा म्हणून अर्ज तसा."

"मंग जेवाय बी कागदालाच माग," ती म्हणाली आणि स्वतःच एवढी हसली की सुपातल्या शेंगा सांडल्या. आम्हीही हसलो. मी हे लिहिताना पुन्हा पुन्हा तिथेच येऊन थांबते आहे, कारण त्यानंतर त्या गोष्टीवर आम्ही कुणी हसलो नाही.

तो गेला. तिकडे तुमच्या आईबरोबर, मेघनाबरोबर, संसार मांडला, घर घेतलं, तुम्ही झालात, सगळं नीट झालं. याच काळात माझे दीर गेले आणि पाठोपाठ तुमचे आजोबा गेले. मंचरला माझ्याजवळ माधव आणि त्याचं घर होतं. पेंढारला अनसूया एकटी राहिली. जमीन वाट्याने दिली आणि ती फोनच्या वाटेकडे डोळे लावून बसली. श्रीधर दर रविवारी शेजारच्यांकडे फोन करायचा आणि ती तासभर आधी जाऊन त्यांच्या ओट्यावर बसायची. 'तुला इकडंच नेतो, बय,' असं तो दर वेळी म्हणायचा. ते खोटं नव्हतं. त्याला ते होईल असं खरंच वाटत होतं.

मग श्रीधरच्या अर्जावरून तिकडच्या सरकारचं मला पत्र आलं. कायमचं राहणाऱ्याने काही वर्षं पुरेशी मिळकत दाखवली, यांचा भार सरकारवर पडू देणार नाही असं लिहून दिलं, की त्याला आपले आईवडील बोलावता येतात. चुलत्या, मावश्या, आत्या नाही. आईवडील म्हणजे कागदाने आईवडील. मला पुण्याला तपासणीला बोलावलं. छातीचा फोटो, रक्त, डोळे. माझी साखर वाढलेली होती, गुडघे गेलेले होते, आणि मला माझं मंचरचं घर, माझी पुस्तकं, माझा वेळच्या वेळी होणारा चहा सोडून कुठेही जायचं नव्हतं. तरीही मी सगळ्या बाबतीत पात्र ठरले. अनसूया त्या वयात डोक्यावर भारा घेऊन बांध चढायची. तिने उभ्या जन्मात डॉक्टरला छाती दाखवली नव्हती. ती कशालाच पात्र नव्हती. मी निघाले तेव्हा तिने माझ्याकडे श्रीधरसाठी काळा मसाला, शेंगदाण्याची चटणी आणि कांदे दिले. कांदे नेता येत नाहीत म्हटल्यावर म्हणाली, "मंग तुमाला कसं नेत्यात, बाई?"

सई, तुला आठवत असेल, एक हिवाळा मी तुमच्याकडे होते. तू माझ्या मांडीवर बसून बर्फ दाखवायचीस. मी तुमच्यावर नाराज होऊन परत आले नाही, हे पहिलं लक्षात ठेव. पण मी तुमच्या घरात दुसऱ्या कुणाच्या तरी खोलीत राहत होते. त्या खोलीत श्रीधरने खिडकीशी बसायला एक लाकडी चौरंग करून घेतला होता, कारण बयला खुर्चीवर बसवत नाही. मला खुर्ची लागते. मी बर्फ वितळायच्या आत परत आले. कायमचा परवाना मिळाला तरी तो टिकवायला प्रत्यक्ष तिकडे राहावं लागतं, बराच काळ राहावं लागतं, नाहीतर तो जातो. श्रीधर फोनवर चिडला. "काकी, लोक यासाठी वर्षानुवर्षं रांगेत उभे असतात."

"मग त्यांतल्या एकीला दे," मी म्हटलं.

"असं देता येत नाही."

"ते मला माहीत आहे रे."

मला गप्प बसायची सवय नाही. मी जुन्नरला कोर्टातल्या एका वकिलांकडे गेले, अनसूयाला बरोबर घेऊन. भला माणूस होता. तो म्हणाला, ओटीत घालणं कायद्यालाही मान्य आहे, कागद नसला तरी. पण मग कोर्टात ते सिद्ध करावं लागेल. देणारी कोण, घेणारी कोण, कुणी पाहिलं. मी म्हटलं, देणारी मी, जिवंत आहे. घेणारी ही बसलीय. पाहणाऱ्यांपैकी काही म्हातारे अजून पारावर बसतात. मी कोर्टात उभी राहून शपथेवर सांगेन की हा माझा मुलगा नाही.  अनसूयाने माझा हात धरला तो जुन्नरच्या स्टँडपर्यंत सोडला नाही. त्या दिवशी ती इतकी खूश होती की नारायणगावला उतरून तिने बाजारातून बूट घेतले. पांढरे, कापडी, नाडीचे. जन्मात कधी बूट घातलेला पाय नाही, मोठा आकारसुद्धा पंजाला आवळत होता. दुकानदाराला म्हणाली, "दे, व्हईल सवय. तिकडं बर्फ पडतंय, चपलीनं भागत न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून ती रोज पहाट सरली की बूट घालून बांधावरून चालायला लागली. नऊवारी खोचलेली आणि खाली पांढरे बूट. शेजारच्या शेतातून कुणीतरी ओरडायचं, "काय अनसूयाबाय, फारीनला चालत जाती व्हय?" ती तिथूनच सांगायची, "चालत गेलं तर व्हिसा लागत न्हाई म्हनं!" बाभळीपर्यंत जायची आणि परत यायची. टाचेला फोड आले, फुटले, घट्टे पडले. मी म्हटलं, तिकडे जायच्या वेळी नवे घेऊ. "आवं पण पायाला आधीच कळाय नगं का, कुठं जायाचंय ते?"

मी श्रीधरला कोर्टाचं कळवलं. मला वाटलं, तो आनंदेल.  तो म्हणाला, "काकी, मी अर्जावर तुमचं नाव आई म्हणून दिलं. तुम्ही त्याच नात्याने इथे येऊन गेलात. आता तुम्ही कोर्टात जाऊन मी आई नाही म्हणालात, तर मी पहिल्यापासून खोटं लिहिलं असं होतं. माझा नागरिकत्वाचा अर्ज चालू आहे. खोटं लिहिणाऱ्याचं हे लोक सगळं काढून घेऊ शकतात. मग मी, मेघना, मुलं... आम्ही काय करायचं?" मी म्हटलं, एखाद्या वकिलाला विचार, समजावून सांग, तुझ्या मनात फसवणूक नव्हती. तो म्हणाला, "कुणाला समजावू? त्यांच्या अर्जात दोनच रकाने आहेत, आई आणि वडील." मग आवाज उतरवून म्हणाला, "उकरून काढू नका, काकी. माझी शपथ आहे."

मुलांनो, तुमचे बाबा वाईट नाहीत. ते घाबरलेले होते. पण मी आयुष्यभर मुलं पाहिली आहेत, आणि घाबरलेला मुलगा आणि वाईट मुलगा यांच्या वागण्यात बाहेरून फरक दिसत नाही. ज्याच्यावर ते शेकतं त्याला तर अजिबात नाही.

अनसूयाला मी हे सांगायला गेले तेव्हा ती चुलीपुढे होती. मी कायद्याचं समजावून सांगायला लागले तर तिने मधेच हात केला. "र्‍हाऊ द्या, बाई. पोराच्या मागं पोलिस लावायचं व्हय? न्हाई जायाचं मला कोर्टात." मग भाकरी उलटवली. "पाव्हणी म्हनून तरी जाता येतंय का बगा. म्हैनाभर. पोरं बगते, येते." डोळ्याला पदर लावला नाही की काही नाही. फक्त ती भाकरी करपली, आणि तिच्या हातची करपलेली भाकरी मी तेवढी एकच खाल्ली.

पाहुणी म्हणून जायचं तर नातं काकीचं लिहायला हवं होतं. तसाच अर्ज केला. मुलाखतीची तारीख आली. माधवने गाडी काढली आणि आम्ही माळशेजमार्गे मुंबईला निघालो. श्रीधरने फोनवर चार वेळा बजावलं होतं की पुतण्या म्हणायचं, पुतण्याच म्हणायचं. गाडीत मी तिच्याकडून घोकून घेत होते. कोण आहे तिकडे? पुतण्या. मुलं किती? मूल नाही. कशाला जायचं? भेटायला. घाटात धुकं होतं. ती खिडकीतून बाहेर बघत धड्यासारखी म्हणत होती. "पुतण्या. मूल न्हाई. भेटाया." मधेच म्हणाली, "बाई, तुमी शाळंत पोरांकडनं असलं खोटं पाठ करून घेत व्हता का?" माधवने आरसा नीट केल्यासारखं केलं. 

कचेरीत काचेपलीकडे साहेब आणि बाजूला मराठी बोलणारी एक तरुण मुलगी. मला अनसूयाच्या मागे उभं राहू दिलं. त्या मुलीने गोड आवाजात विचारलं, "आजी, मुलंबाळं किती तुम्हाला?"

अनसूया ताठ उभी होती. पायात बूट, अंगावर लग्नातली इरकल. तिने माझ्याकडे वळून पाहिलं नाही. "एक हाय," म्हणाली. "तिकडंच असतोय. त्यालाच भेटाया चाललेय."

मुलीने साहेबाला इंग्रजीत सांगितलं. साहेबाने अर्ज चाळला. मुलगी परत म्हणाली, "आजी, पण इथे लिहिलंय की तुम्हाला मूल नाही. तो पुतण्या आहे."

"ते कागदाव, पोरी. तू मला इचारलंस, कागदाला न्हाई."

मी पुढे होऊन इंग्रजीत बोलले. सगळं बोलले, चांगल्या इंग्रजीत, व्याकरणाची एक चूक न करता. साहेबाने शांतपणे ऐकलं आणि मला मागे व्हायला सांगितलं. नकाराचा कागद हातात आला त्यावर दोन कारणं होती. एक, सांगितलेलं नातं अर्जाशी जुळत नाही. दोन, अर्जदाराला स्वतःच्या देशात असं जवळचं कुणी नाही की ज्याच्यासाठी ती परत येईल. म्हणजे कायमचं जायला तिला तिकडे मुलगा नव्हता, आणि भेटून यायला तिला इकडे कुणी नव्हतं. मी तो कागद तीन वेळा वाचला. त्यातही व्याकरणाची एकही चूक नव्हती.

बाहेर फुटपाथवर सावली बघून आम्ही बसलो. तिने भाकरी-चटणी सोडली. "म्या चुकले का, बाई?"

"नाही."

"पाठ व्हतं मला. सगळं पाठ व्हतं. पर त्या पोरीनं मूल किती इचारलं, आन् मला न्हाई म्हनवंना. आदीचं दोन गेल्यावं बायकांनी इचारलं की न्हाई म्हनायची ना मी. लई वर्सं म्हनले न्हाई." माधव पाणी आणायला म्हणून गेला तो बराच वेळ आला नाही.

त्यानंतर पुन्हा अर्ज केला नाही. श्रीधर म्हणायचा, नागरिकत्व हातात आलं की मीच येतो, मग बघू. अर्ज चालू असताना देशाबाहेर फार दिवस राहिलेलं चालत नाही, म्हणून तोही आला नाही. पुढे आलं नागरिकत्व. समारंभाचा तुमचा फोटो आला, चौघांच्या हातात लहान लहान झेंडे. मी तो तिला दाखवायला पेंढारला गेले. तिने डोळे बारीक करून पाहिला आणि म्हणाली, "वाळलाय गं बाई." नंतर घराचं कर्ज आलं, नोकरी बदलली, तुमच्या शाळा आल्या. पुढच्या दिवाळीला, पुढच्या उन्हाळ्यात... दर रविवारी फोन मात्र चुकला नाही, ते मी त्याच्या बाजूने लिहून ठेवते. आणि तिचं बांधावरचं चालणं चुकलं नाही. आता कुठं जायचं नाही तर बूट कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "पायांना आता कोन सांगनार?"

ती गेली त्या दिवशी श्रीधरने 'थांबू नका' का सांगितलं, ते मला नंतर मेघनाने सांगितलं. त्याच्या कचेरीत आई गेली तर लगेच सुट्टी मिळते. काकी गेली तर मिळत नाही. आणि तेव्हाच त्याचं कसलंतरी मोठं काम अडलेलं होतं. तो वरिष्ठांच्या काचेच्या खोलीपुढे गेला, तोंड उघडलं, आणि आई गेली असं त्याला म्हणता आलं नाही, कारण त्याच्या कागदांवरची आई जिवंत आहे. मंचरला आहे. साखर वाढलेली, गुडघे गेलेली, पण जिवंत. त्याने सुट्टी मागितली नाही. एका काचेपुढे अनसूयाने जे सांगून टाकलं, ते त्याला दुसऱ्या काचेपुढे जमलं नाही. मी त्याची काकी आहे, त्याला माफ करायचा हक्क माझा नाही. ज्या बाईचा होता, तिने तो फार लवकर आणि फार वेळा वापरून टाकला.

पण दहाव्या दिवशी त्याने घरच्या घरी वस्तरा घेतला. सई, तू विचारलंस त्याचं उत्तर हे. आमच्याकडे कुणीही जवळचं गेलं तर पुरुष डोकं करतात. मिशी मात्र फक्त आई किंवा वडील गेल्यावर काढतात. माधवने इकडे डोकं केलं, मिशी ठेवली, कारण त्याची आई मी आहे. तुमच्या बाबांनी मिशीही काढली. तिकडे ते कुणाला वाचता येत नाही, म्हणून धोका नव्हता. अनय, तुझ्याही प्रश्नाचं उत्तर तेच. ती त्याची फक्त काकी नव्हती. ती त्याची काकी कधीच नव्हती. काकी मी आहे. आणि तुमच्या शाळेत घराण्याचं झाड काढायला सांगितलं तेव्हा तुम्ही मला जिथे लिहिलंत, तिथून मला खोडा आणि तिचं नाव लिहा. अनसूया. मला बाजूला एखादी फांदी पुरेल.

बाकीच्या वाचकांना एवढंच सांगते. तुमच्या घरात कुणी मूल ओटीत घातलं असेल तर त्याचा कागद आजच करा, मूल हसतंखेळतं असताना करा. घरच्या घरात लागत नाही तो कागद पुढे कुठल्या काचेपुढे लागेल, सांगता येत नाही.

परवा मी पेंढारला जाऊन आले. घर बंद आहे, किल्ली शेजारी असते. भांडी माधवने एका खोलीत लावून ठेवली आहेत, मासवडीचं फडकं दोरीवर वाळून कडक झालेलं होतं, ते मी घडी करून ठेवलं. बूट दाराजवळच्या कोनाड्यात आहेत. पांढरे राहिलेले नाहीत. एकाची नाडी सुटलेली आहे, दुसऱ्याची बांधलेली आहे, कारण त्या दिवशी मी तो न सोडताच ओढून काढला होता. तळ झिजले आहेत आणि उरल्या खाचांत पेंढारची माती आहे.